जलचक्राच्या तक्त्यात मळ कोठे जातो?

शाळेतील जलचक्राचा तक्ता सर्वांच्या परिचयाचा आहे. एका बाजूला डोंगर, त्यावर ढग, ढगातून तिरप्या रेषांनी पडणारा पाऊस, डोंगरातून निघालेली निळी नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि समुद्रावरून वर जाणारे बाण. नागभीडच्या शाळेत टांगलेला असो की मालवणच्या, चित्र तेच. बाष्पीभवन, सांद्रीभवन आणि पर्जन्य हे तीन शब्द या तक्त्याने पिढ्यान्‌पिढ्या शिकवले. आमची तक्रार त्याने जे शिकवले त्याबद्दल नाही. न सांगता जे मनावर बिंबवले, त्याबद्दल आहे.

ही तक्रार आमच्या एकट्याची नाही. २०१९ साली ‘नेचर जिओसायन्स’ या नियतकालिकात एक पाहणी प्रसिद्ध झाली. निरनिराळ्या १२ देशांतील जलचक्राच्या ४६४ आकृत्या संशोधकांनी तपासल्या. त्यांपैकी सुमारे ८५ टक्के आकृत्यांत माणसाचा पाण्याशी काही संबंध आहे याची खूणच नव्हती. जलप्रदूषण किंवा हवामानबदल दाखवणाऱ्या जेमतेम २ टक्के निघाल्या. धरण नाही, कालवा नाही, शेत नाही, गटार नाही. बहुतेक आकृत्यांतील निसर्गही समशीतोष्ण प्रदेशातला. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत वर्षाचा बहुतेक पाऊस ज्यांच्याकडे पडतो, त्यांच्या मुलांना वर्षभर सारख्या पाण्याने वाहणारी नदी दाखवायची, हे विचित्रच आहे.

पण माणूस नसणे हा आमच्या मते लहान दोष. मोठा दोष वेगळा आहे. चक्र पाण्याचे असते. पाणी जे वाहून नेते त्याचे नसते. समुद्राचे पाणी वाफ होऊन वर जाते तेव्हा मीठ, माती, खत, साबण सगळे खालीच राहते. बशीत मिठाचे पाणी घेऊन उन्हात ठेवले की पाचवीतल्या मुलालाही हे दिसते. तक्त्यातला गोल बाण मात्र त्याला सांगतो की सारे काही शुद्ध होऊन परत येते. पाणी परत येते हे खरे. मळ एकाच दिशेने जातो आणि जेथे पाणी थांबते तेथे साठतो: बोडीत, तलावात, खाडीत, उपसागरात.

नागभीडचेच पाणी घेऊ. तालुका वैनगंगेच्या खोऱ्यातला. वैनगंगा पुढे वर्धेला मिळते, दोघींची प्राणहिता होते, ती सिरोंच्याजवळ गोदावरीत शिरते. गोदावरीचे काही पाणी आंध्र प्रदेशात कोरिंगाच्या खारफुटीच्या जंगलातून काकिनाड्याच्या उपसागरात उतरते. वाळूच्या एका लांब दांड्याने हा लहानसा उपसागर अर्धवट बंद झालेला आहे, त्यामुळे आत आलेले लवकर बाहेर जात नाही. समुद्र पाहिला नाही असे आमच्याकडचे पुष्कळ विद्यार्थी सांगतील. त्यांच्या गावच्या नालीचे पाणी मात्र तिकडे निघालेले असते.

ते कसे निघते, हे तक्त्यात कोठेच नाही. पहिल्या जोरदार पावसात उन्हाळाभर साठलेले शेण, राख, रस्त्यावरचे तेल आणि प्लॅस्टिक एकदम वाहते. पहिले पाणी सर्वांत गढूळ आणि सर्वांत घाण असते. पुढे रोवणीनंतर बांधीत युरिया पडतो. त्यानंतर एकदोन दिवसांत मुसळधार पाऊस झाला आणि धुऱ्यावरून पाणी गेले, तर शेतकऱ्याचे पैसे आणि नत्र दोन्ही वाहून जातात. नत्र नायट्रेटच्या रूपाने विरघळून जाते, तर स्फुरद बहुतांशी मातीच्या कणांना चिकटून. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण गाळ अडवला की स्फुरद बरेचसे अडते, नायट्रेट अडत नाही.

येथे झाडीपट्टीतील माजी मालगुजारी तलावांची आठवण व्हावी. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. त्यांच्याकडे आपण सिंचनाचे साधन म्हणून पाहतो. मासेमारी करणारे ढीवर बांधव त्यांच्याकडे आणखी वेगळ्या दृष्टीने पाहतात. पण तलाव गाळणीचेही काम करतो. पाण्याचा वेग कमी झाला की गाळ तळाशी बसतो; पूर्वी उन्हाळ्यात तोच गाळ शेतात परत टाकला जाई, म्हणजे स्फुरदही परत शेतात. तळाच्या चिखलात प्राणवायू नसतो, तेथील जीवाणू नायट्रेटचे नायट्रोजन वायूत रूपांतर करतात. काठावरच्या आणि पाण्यातल्या वनस्पती उरलेल्यातला काही भाग शोषतात. मात्र गावाची नाली थेट तलावात सोडली आणि गाळ काढणे थांबवले की गाळणी तुंबते: शेवाळ माजते, ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि पहाटे मासे वर येऊन तोंड उघडतात. काकिनाड्याला जे मोठ्या प्रमाणावर होऊ शकते त्याचा हा लहान नमुना शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

त्याहून मोठा नमुना बंगालच्या उपसागराचा. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकांचा सहभाग असलेला एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. या उपसागरात काही खोलीवर असलेल्या पाण्याच्या थरात प्राणवायू जवळजवळ नाही, पण लेशमात्र शिल्लक आहे, असे त्यात आढळले. खतांचा पुरवठा वाढून तो लेशही संपला, तर समुद्रातील नत्राचा हिशेबच बदलेल. यात नागभीडचा वाटा किती, असा प्रश्न विद्यार्थी विचारतीलच. तो मोजता येण्याइतका मोठा नाही, हे सरळ सांगावे. वाटेत धरणे आहेत, तलाव आहेत, शिवाय इतर हजारो गावे आहेत. पण समुद्रात जाणारे बहुतेक नत्र असेच, नगण्य वाट्यांनी जमलेले असते. कारखान्याची नळी दाखवून बोट रोखता येते. येथे बोट रोखायला नळीच नाही.

तक्त्याची ही सवय मोठ्यांनाही जडलेली आहे. मुंबईत पावसाचे पाणी वाहून नेण्यासाठी १९९३ साली ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवाल तयार झाला. तासाला २५ मिलिमीटर पावसासाठी बांधलेल्या जुन्या नाल्यांची क्षमता ५० मिलिमीटरपर्यंत वाढवावी, असा त्याचा रोख होता. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा त्याची निकड सर्वांना पटली. निचरा हवाच, माणसे मेली आहेत. पण पाणी लवकर समुद्रात गेले की काम झाले, हे गृहीत तक्त्यातलेच आहे. मिठी नदी सारे पोटात घेऊन माहीमच्या उपसागरात रिकामी होते, आणि पावसाळी नाल्यांत पाऊस नसतानाही सांडपाणी वाहते. तेथे बाण संपतो, मळ संपत नाही.

अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण खात्याने २०२२ साली नवी आकृती काढली. तिच्यात शेती, शहर, उद्योग सारे आले. स्वागतच आहे, पण ती इतकी गजबजलेली आहे की सहावीच्या वर्गात नजर कोठे ठेवावी हेच कळत नाही, आणि भाताची बांधी तिच्यात शोधून सापडणार नाही. परका तक्ता जाऊन दुसरा परका तक्ता आला, इतकेच.

आमची सूचना साधी आहे. जुना तक्ता भिंतीवर राहू द्यावा. त्याच्या शेजारी कोरा कागद लावून वर्गाने आपल्या गावाचे पाणी काढावे: छप्पर, नाली, बांधी, बोडी, तलाव, सांडवा, नाला, आणि मग कागदाच्या अगदी कडेला समुद्र. पाण्याचे बाण निळे, मळाचे तपकिरी. पहिल्या पावसात शाळेच्या नालीतून एक बाटली भरून घ्यावी, अर्ध्या तासाने दुसरी, तलावाच्या सांडव्याजवळ तिसरी. चिठ्ठ्या लावून रात्रभर न हलवता ठेवाव्यात आणि सकाळी तळाशी बसलेला गाळ पट्टीने मोजावा. तपकिरी बाण किती जाड काढायचा, हे त्यावरून मुलांनीच ठरवावे.