परिपत्रक खाली, प्रपत्र वर

संगणकाच्या पडद्यावरचे पान छोट्या छोट्या घटकांचे बनवतात. एका घटकाच्या पोटात दुसरा, त्याच्या पोटात तिसरा. या घटकांनी एकमेकांशी बोलायचे कसे? इव्हान यू यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘व्ह्यू’ या जावास्क्रिप्ट चौकटीने दिलेले उत्तर तपासून पाहण्याजोगे आहे.

उत्तर असे: माहिती वरून खाली जाते, वार्ता खालून वर. बाहेरचा घटक आतल्याला मूल्ये देतो. त्यांना ‘प्रॉप्स’ म्हणतात. आतल्याने ती वाचायची, बदलायची नाहीत. काही घडले तर त्याने तेवढे वर कळवायचे. बदल करील तो मूळ मालक. ही वार्ताही एकच पायरी चढते. तिला आणखी वर न्यायचे तर मधल्या घटकाने ती पुन्हा कळवावी लागते. शिक्षकांना ही वाट ओळखीची आहे. परिपत्रक जिल्हा, गट, केंद्र असे उतरत शाळेत येते आणि भरलेले प्रपत्र त्याच वाटेने वर जाते.

हा दंडक जाचक वाटला तरी सकारण आहे. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला. कळमनुरी, वसमत हे तालुके होते तिथेच राहिले. त्यांच्या वरचा जिल्हा बदलला. अशा वेळी ‘वरिष्ठ कार्यालयास पाठवावे’ हा मजकूर तसाच चालतो; ‘परभणीस पाठवावे’ हा मात्र जागोजागी दुरुस्त करावा लागतो. व्ह्यूमध्ये आतल्या घटकाला थेट वरच्या घटकात हात घालता येतो. पण तसे केले की तो घटक एकाच घराला जखडला जातो, दुसऱ्या पानावर उचलून नेता येत नाही. घटकांच्या उतरंडीवर विसंबून दूरवर वार्ता पाठवण्याची जुनी सोय २०१६ च्या दुसऱ्या आवृत्तीत काढून टाकली, ती याच विचाराने. हा निर्णय योग्यच होता.

मात्र दोन गोष्टी खटकतात. पहिली म्हणजे नियमाला असलेली गळती. यादी खाली पाठवली तर जावास्क्रिप्ट तिची प्रत देत नाही, मूळ यादीचा पत्ताच देते. समजा, ती हजेरीची यादी आहे. आतल्या घटकाने संपूर्ण यादी बदलू पाहिली तर व्ह्यू इशारा देते; यादीतल्या एका मुलाची नोंद बदलली तर गप्प राहते. प्रत्येक बदल अडवणे फार खर्चाचे आहे, हे व्ह्यूची अधिकृत मार्गदर्शिका प्रांजळपणे सांगते. पण इशारा आला नाही म्हणजे सारे ठीक, असेच नवशिका समजणार. आकडा चुकला की तो कोणी बदलला, हे शोधत बसावे लागते.

दुसरी गोष्ट २०१७ मध्ये आलेल्या ‘प्रोव्हाइड-इन्जेक्ट’ या सोयीची. हिच्यामुळे मधल्या पायऱ्या ओलांडून मूल्य थेट खोलवर पोचते. भाषा किंवा रंगसंगती यांसारख्या सगळीकडे लागणाऱ्या मूल्यांना ती उत्तम. परंतु दोन-तीन पायऱ्यांचे हेलपाटे वाचवण्यासाठी ती वापरू नये. मूल्य कुठून आले हे आतला घटक वाचून कळत नाही. हातोहात दिलेल्या प्रॉप्समध्ये ती वाट लिहिलेली असते.

वर्गात एक प्रयोग करावा. तीन घटक एकात एक बसवून सर्वांत आतल्याकडून यादीतली एक नोंद परस्पर बदलून घ्यावी. नंतर तोच बदल वर कळवून, मालकाकडून करवावा. पडद्यावर दोन्ही वेळा सारखेच दिसेल. मग मुलांना विचारावे: चूक झाली असती, तर कोणत्या वेळी लवकर सापडली असती?