ध्यानाचे दुष्परिणाम : न विचारलेला प्रश्न

ध्यानाने लाभ झाला नाही तरी हानी काहीच नाही, असे आपण सहज म्हणतो. परिपाठाच्या वेळी मुलांना डोळे मिटून बसवताना हेच गृहीत धरलेले असते. या समजुतीला आधार कितपत आहे, ते तपासून पाहू.

मिगेल फारियास व सहकाऱ्यांनी २०२० साली ध्यानाच्या दुष्परिणामांविषयीच्या ८३ अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. ध्यान करणाऱ्यांपैकी सुमारे ८ टक्के लोकांना त्रास झाल्याचे त्यात दिसते. चिंता आणि खिन्नता यांच्या नोंदी सर्वांत जास्त आहेत. परंतु या सरासरीपेक्षा तिच्यामागचे दोन आकडे अधिक बोलके आहेत. प्रयोगांमध्ये हे प्रमाण ३.७ टक्के होते, तर निरीक्षणात्मक पाहण्यांमध्ये ३३.२ टक्के! असा नऊपट फरक का पडावा?

प्रयोगात मुख्यतः लाभ मोजायचा असतो. त्रासाबद्दल मुद्दाम विचारले नाही, तर तो नोंदला जात नाही. उलट, पाहणीत बहुधा तुलनेसाठी दुसरा गट नसतो. चिंतेने ग्रासलेली माणसेच ध्यानाकडे वळली असतील, तर ती चिंता ध्यानाच्या खात्यावर मांडली जाईल. म्हणजे पहिला आकडा कमी, तर दुसरा अधिक असण्याचा संभव आहे. म्हणून ८ टक्के ही संख्या घोकण्यात अर्थ नाही. 'हानी नाही' हा दावा मात्र टिकत नाही.

असा त्रास का व्हावा? जो मनुष्य छातीतील धडधडीनेच घाबरतो, त्याला श्वासाकडे लक्ष द्यायला सांगितले की ती धडधड अधिकच जाणवू शकते. बाहेरच्या कामात गुंतल्यामुळे दूर राहिलेल्या कटू आठवणी शांत बसल्यावर वर येऊ शकतात.

शाळांपुरते बोलायचे, तर ब्रिटनमधील 'मिरियड' या मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. आठ हजारांहून अधिक मुलांच्या या प्रयोगात सजगतेचे धडे नेहमीच्या शिक्षणापेक्षा सरस ठरले नाहीत. मानसिक त्रासाचा धोका आधीच अधिक असलेल्या मुलांना तर ते काही बाबतींत किंचित अपायकारक ठरल्याची चिन्हे दिसली.

यावरून ध्यान वाईट, असा निष्कर्ष निघत नाही. अनेकांना त्याने स्वस्थता लाभते. पण वर्गात ते सक्तीचे नसावे. डोळे उघडे ठेवण्याची, उठून जाण्याची मुभा असावी. चुळबुळ करणाऱ्या मुलाला रागावण्यापूर्वी एकदा जवळ बसवून विचारावे, "तुला काय वाटत होतं?" संशोधकांनी फारसा न विचारलेला हा प्रश्न शिक्षक रोज विचारू शकतात.