बतावणीतले दोघे भाऊ

मराठी समीक्षेने लावणीवर जेवढी शाई खर्च केली, तिच्या दशांशानेही बतावणीवर केलेली नाही. त्याला कारण आहे. लावणी लिहिलेली असते, तिच्या शेवटी कवीचे नाव येते, ती छापता येते. बतावणी मात्र सोंगाड्या आणि त्याचा जोडीदार उभ्याउभ्या रचतात. गण झाला, गवळणीत मावशीने कृष्णाची फिरकी घेतली, की वगाच्या आधी हे दोघे पुढे येतात आणि नुसते बोलतात. गावात शिरताना लागलेला खड्डा, सरपंचाची नवी मोटारसायकल, सुपारी ठरवताना घासाघीस करणारा पंच, सगळे त्यात येते. आज मोबाईलवर जी दोन-चार मिनिटांची चित्रफीत पाहून आपली मुले हसतात तिला ती 'स्किट' म्हणतात. माझ्या मते ती बतावणीच आहे. ढोलकी गेली आणि कॅमेरा आला, एवढाच फरक.

हे सुचायला कारण घरचे घडले. माझ्या खालेचे दोन नातू दौंड तालुक्यात भीमाकाठी राहतात. वडिलांचे मोटारसायकल दुरुस्तीचे दुकान आहे. थोरला शिरूर तालुक्यातल्या रांजणगावच्या एमआयडीसीत कामाला, धाकटा तेव्हा कॉलेजात. २०२० च्या टाळेबंदीत थोरला घरी बसला आणि दोघांनी एकाच मोबाईलवर चित्रफिती काढायला सुरुवात केली. विषय एकच, आपले घर. धाकटा ओढणी घेऊन अम्मी होतो, थोरला थोरलाच राहतो. अम्मी चुलीपाशी दखनीत पोराला झापते, दारात भाजीवाली आली की त्याच दमात भीमथडीच्या मराठीत भाव पाडते, आणि आत वळल्यावर पुन्हा दखनीत त्याच भाजीवालीचे कौतुक करते. यात मुद्दाम विनोद म्हणून काही घातलेले नाही. आपल्या घरांत रोज हेच चालते. पंचक्रोशीतले हिंदू-मुसलमान दोघेही ते पाहून हसले, कारण ती अम्मी आणि ती भाजीवाली दोघींनाही लोक ओळखत होते.

पुढे एका वाहिनीच्या विनोदी कार्यक्रमासाठी या दोघांना निवडीला बोलावणे आले. तिथल्या गृहस्थांनी सगळे पाहिले, मनापासून हसलेही. मग म्हणाले, "मस्त आहे. पण तुम्ही मुसलमान वाटत नाही. जरा तसं बोला ना."

'तसं' म्हणजे कसे, हा या लेखाचा विषय.

भावाभावांनी मिळून लोकांना हसवणे ही काही मोबाईलची देणगी नव्हे. तमाशाच्या फडांची नावेच पाहा. शिवा-संभा कवलापूरकर, भाऊ-बापू नारायणगावकर, काळू-बाळू कवलापूरकर. पाटीवर दोन नावे जोडूनच यायची. यात व्यवहार होताच. फड म्हणजे बिऱ्हाड, आणि भाऊ पगारासाठी फड सोडून जात नाही (निदान लवकर जात नाही). पण कलेचे कारण त्याहून मोठे. एका घरात वाढलेल्या दोघांना एकमेकांचा श्वास ठाऊक असतो. एकाने वाक्य अर्धे सोडले तर दुसरा ते कुठे उचलायचे हे शिकवल्याशिवाय जाणतो. दोन परक्या नटांना त्यासाठी तालमी लागतात.

यांतले काळू-बाळू म्हणजे सांगली जिल्ह्यातल्या कवलापूरचे लहू आणि अंकुश खाडे, १९३३ साली जन्मलेले जुळे भाऊ. 'जहरी प्याला' या वगात दोघे पोलीस शिपाई झाले आणि त्या सोंगांची नावे त्यांना जन्माची चिकटली. सारख्या चेहऱ्यांच्या घोटाळ्यावर हसणे सोपे आहे. तो प्रकार जगभरच्या रंगभूमीवर सापडतो. मला त्यातले मोल वेगळे वाटते. दोन सारख्या चेहऱ्यांवर तीच खाकी चढली की वर्दीचा धाक दुप्पट व्हायला हवा, इथे तो निम्मा होतो. शिपायाला पाहून ज्यांची छाती धडधडते असेच लोक समोर बसलेले असत. फडातले कलावंतही बहुतेक दलित आणि भटक्या जमातींतले. पोलीस ठाण्याची पायरी त्यांना चांगली ठाऊक. हसणारा आणि हसवणारा दोघेही एकाच बाजूचे होते. लहू २०११ साली गेले. त्यांच्या तमाशाचे जुने चित्रण आज मोबाईलवर फिरते. त्यात चित्र धूसर असते, आवाज फाटतो, पण समोरच्या गर्दीचा हशा ऐकू येतो आणि त्यासाठी नट थांबतात. तेवढ्यासाठी तरी ते पाहावे.

शिरूरला हे सगळे जवळचे. शेजारच्या जुन्नर तालुक्यात नारायणगावला पाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच तिथे जाऊन यात्रेची सुपारी देतात. आणि यात्रा म्हणजे केवळ देवीची नव्हे. आपल्याकडे पिराच्या उरुसातही संदल, कुस्त्यांचा आखाडा आणि रात्री तमाशा हा क्रम अनेक गावांत होता. मौलवीसाहेब नाके मुरडत, आणि आमचे वडीलधारे घोंगडी घेऊन पुढच्या रांगेत जाऊन बसत.

याच शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाई गावी बशीर कमरुद्दीन मोमीन, म्हणजे लोकशाहीर बी. के. मोमीन कवठेकर राहिले. त्याच गावचे गंगाराम कवठेकर हे नावाजलेले तमाशा कलावंत. मोमीन यांनी गण, गवळणी, लावण्या, वग लिहिले, दत्ता महाडिक पुणेकर, रघुवीर खेडकर यांच्यासारख्या मोठ्या फडांना गाणी दिली. हुंडा, व्यसन, अंधश्रद्धा यांवर लोकगीते रचली. 'भंगले स्वप्न महाराष्ट्रा' आणि 'सुशीला, मला माफ कर' ही त्यांच्या वगांची नावे एकत्र वाचली तरी आवाका कळतो. एकात इतिहास, दुसऱ्यात घरसंसार. राज्य शासनाने २०१८ चा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार त्यांना दिला. नोव्हेंबर २०२१ मध्ये ते वारले.

आता यातला मुद्दा. यात्रेत ज्या वगाला टाळ्या पडल्या त्याचा लेखक मुसलमान आहे, हे प्रेक्षकांतल्या कितीजणांच्या मनात आले असेल? आणि आले तरी त्यांना त्याचे नवल वाटण्याचे कारण नव्हते. पेशवाईच्या अखेरीस सगनभाऊ हे मुसलमान शाहीर होऊन गेले, विसाव्या शतकात बार्शीचे अमर शेख. ही वाट मळलेली होती. मोमीन यांनी मराठी लिहिताना आपण 'तसे' बोलतो की नाही याची परीक्षा दिली नाही. ते कवठ्याचे होते, कवठ्याची मराठी लिहीत होते. विषय संपला.

आपलीही झडती घ्यायला हवी. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झाले तेव्हापासून आपण कविता, कथा, आत्मकथन यांवर भरपूर बोललो, ते योग्यच झाले. पण फडासाठी लिहिणारा मुसलमान आपल्या चर्चांत कोपऱ्यातच राहिला. त्याच्यावर दोन ओळी लिहायच्या तर आधी "लोककलेच्या क्षेत्रातील" असा शिक्का मारून मोकळे होतो. प्रस्थापितांनी आपला अनुल्लेख केला अशी तक्रार करणाऱ्या आपण हा अनुल्लेख कुठल्या तोंडाने केला?

दौंडची आठवण इथे वेगळ्या कारणाने येते. डॉ. जब्बार पटेल यांनी दौंडमध्ये दवाखाना चालवला आणि त्याच काळात पुण्याच्या रंगभूमीवर 'घाशीराम कोतवाल' (१९७२) आणि 'तीन पैशाचा तमाशा' (१९७८) उभे केले. लोकरंगभूमीचा बाज शहरी नाट्यगृहात नेताना त्यांनी तो शोभेची वस्तू केला नाही, समूहाचा आवाज शाबूत ठेवला. म्हणजे माध्यम बदलले की हानी होतेच असे नाही. दौंड जंक्शनला पूर्वी मनमाडकडच्या गाड्यांचे इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावत. गाडी तीच, डबे तेच, पण खिडकीत तोंड करून बसलेला माणूस एकाएकी उलटा प्रवास करू लागे. माध्यमांतरात तसेच होते. इंजिन कुठल्या टोकाला जोडले आहे एवढे पाहायचे.

मोबाईलवर इंजिन गावाच्या टोकाला आहे. बारामती तालुक्यातल्या कांबळेश्वरच्या मंडळींची 'चांडाळ चौकडीच्या करामती' पाहा. त्यातली बोली, पार, भांडणे कुणी समजावून सांगत नाही. ज्याला कळते त्याला कळते, न कळणारा चार भाग पाहून शिकतो. टीव्हीला तेवढा धीर नाही. वाहिनीला तेच वाक्य नागपुरात आणि सावंतवाडीत एकाच क्षणी कळायला हवे असते. म्हणून माणसाच्या जागी माणसाची खूण येते. कोकणी माणूस म्हटला की अमुक हेल, विदर्भातला म्हटला की तमुक.

तरी टीव्हीला सरसकट नावे ठेवणे मला पटत नाही. २०१४ साली सुरू झालेल्या 'चला हवा येऊ द्या'ने आणि २०१८ पासूनच्या 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'ने लहान गावांतून आलेल्या नटांना घराघरांत नेले. बोली बोलणारा नट तिथे नायक होऊ शकतो. लेखकाचे नाव पडद्यावर येते. फडातल्या लेखकाला ते गाण्याच्या शेवटच्या ओळीत स्वतःच घालावे लागे. मात्र नावात जत्रा असली तरी पंक्ती बदलल्या आहेत. पुढे परीक्षकांच्या खुर्च्या असतात, ते हसले की घरचा प्रेक्षक हसतो. यात्रेत परीक्षक गर्दीतच बसलेला असे आणि विनोद फसला तर शिट्टीने निकाल देई.

या खुणांच्या बाजारात मुसलमानाची खूण ठरलेली आहे. ती जुन्या नाटका-चित्रपटांपासून चालत आली. लिंग-वचनाचा खेळखंडोबा करणारी मराठी, मध्येच "अरे मियाँ", डोक्यावर जाळीची टोपी, बिर्याणीचा उल्लेख. माझ्या पाहण्यात तरी छोट्या पडद्यावरच्या विनोदात बिनटोपीचा, स्वच्छ गावरान मराठी बोलणारा आणि तरीही नाव बशीर असलेला माणूस क्वचितच आला. गंमत अशी की ही भाषा दखनीही नव्हे. दखनीला स्वतःचे व्याकरण आहे, तिच्यातले 'नक्को' आणि 'कायकू' मराठीच्या सहवासातून आले आहेत. खालेचे नातू जे बोलत होते त्यात दोन अस्सल भाषा होत्या. त्यांच्याकडून मागितली गेली ती तिसरी, जी कुठल्याच घरात बोलली जात नाही.

त्यांनी ती बोलून दाखवली. त्यांना दोष देणार नाही. एमआयडीसीतला कंत्राटी पगार आणि टीव्हीवरची संधी यांत विशीतल्या पोराने काय निवडावे हे मी कोण सांगणार? तीन मिनिटांचा तुकडा प्रक्षेपित झाला. आम्ही सगळे खालेच्या घरी पाहायला जमलो. धाकट्याच्या अंगावर बुरखा होता. खालेच्या घरात बुरखा कधी कुणी घातलेला मला आठवत नाही. परीक्षक हसले. शेजारची मंडळीही हसली, पण मोबाईलवरच्या अम्मीला जशी एकमेकांच्या पाठीवर थापा मारत हसली होती, तशी नव्हे. पोरांच्या आईने, म्हणजे जिच्यावरून ते सोंग बेतले होते तिने, शेवटपर्यंत पाहिले आणि विचारले, "ये कौन है रे?"

तो प्रश्न तिने थट्टेत विचारला नव्हता. मोबाईलवरच्या अम्मीत तिने स्वतःला ओळखले होते, रागावून धाकट्याला दोन धपाटेही घातले होते. काळू-बाळूंच्या शिपायाला समोरचा माणूस ओळखत होता, म्हणून हसत होता. ओळखीतून येणारा हशा आणि खुणेला दिलेला हशा यांत हा फरक आहे, आणि विनोदाच्या समीक्षेने आवाजाच्या मोठेपणाऐवजी हा फरक मोजायला हवा. आपण तर नक्कीच, कारण खुणेवरचा हशा टीव्ही बंद झाल्यावरही थांबत नाही. दुसऱ्या दिवशी तो शाळेत, एसटीत, कचेरीत आपल्या मुलांच्या मागे येतो.

पुढच्या फेरीला दोघांना बोलावणे आले नाही. थोरला पुन्हा रांजणगावला जातो, सुट्टीला चित्रफीत करतो. मागच्या ईदला भेटला तेव्हा मी त्याला कवठ्याच्या मोमीन यांच्याबद्दल सांगितले. तासाभराच्या वाटेवर असा माणूस होता हे त्याला माहीत नव्हते. त्याने सगळे ऐकले आणि विचारले, "मामू, जुन्या बतावण्या लिहिलेल्या कुठं मिळतील?"

लावण्यांची पुस्तके मी त्याला सांगू शकलो.