जोसेफ ह्यूम : काटकसरीच्या राजकारणाचे सामर्थ्य आणि मर्यादा

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटिश संसदेत सरकारी खर्चाच्या प्रत्येक बाबीचा हिशेब मागणारे सदस्य म्हणून जोसेफ ह्यूम (१७७७-१८५५) ओळखले गेले. भारतीय अभ्यासकांना ते प्रामुख्याने राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढाकार घेणाऱ्या ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांचे वडील म्हणून परिचित आहेत. तथापि त्यांच्या सार्वजनिक जीवनाचे मूल्यमापन स्वतंत्रपणे होणे आवश्यक आहे.

स्कॉटलंडमधील माँट्रोज या बंदराच्या गावी ह्यूम यांचा जन्म झाला. वडिलांच्या अकाली मृत्यूनंतर आईने चिनी मातीच्या भांड्यांचे दुकान चालवून कुटुंब सांभाळले. एडिंबरो येथे वैद्यकाचे शिक्षण घेऊन ते ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत दाखल झाले. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात, १८०३ मध्ये, ते बुंदेलखंडातील फौजेबरोबर शल्यवैद्य व दुभाषी होते. पुढे रसदपुरवठा व वेतनवाटप ही कामेही त्यांच्याकडे आली. १८०७ मध्ये कंपनीची सेवा सोडताना त्यांच्यापाशी सुमारे ४०,००० पौंड जमले होते. १८१२ मध्ये त्यांनी संसदेतील पहिली जागा चक्क पैसे मोजून मिळविली.

येथेच त्यांच्या चरित्रातील मूळ विसंगती दिसते. मताधिकाराच्या विस्ताराचा पुरस्कार करणाऱ्या या सुधारकाचा संसदप्रवेश जुन्या भ्रष्ट पद्धतीनेच झाला. आणि सरकारी तिजोरीतील पैन्‌पैचा हिशेब मागण्याचे स्वातंत्र्य त्यांना ज्या संपत्तीने दिले, ती कंपनीच्या युद्धकाळात साठलेली होती.

त्यांचे कार्य मात्र नाकारता येत नाही. कामगार संघटनांवर बंदी घालणारे कायदे १८२४ मध्ये रद्द झाले, त्यात फ्रान्सिस प्लेस यांच्याबरोबर ह्यूम यांचा मोठा वाटा होता. १८३१ मध्ये भारतासह वसाहतींना संसदेत प्रतिनिधित्व मिळावे, असा प्रस्तावही त्यांनी मांडला. तो फेटाळला गेला.

परंतु कारखान्यातील कामाचे तास कायद्याने मर्यादित करण्यास त्यांनी विरोध केला. १८४७ च्या दहा तासांच्या कायद्यासही ते प्रतिकूल होते. वरकरणी हा विरोध १८२४ च्या भूमिकेशी विसंगत वाटतो. वस्तुतः दोन्हींच्या मुळाशी एकच तत्त्व होते : मालक-मजूर व्यवहारात शासनाने हस्तक्षेप करू नये. या तत्त्वाने कामगाराला संघटनेचे स्वातंत्र्य दिले, पण त्याच्या थकलेल्या देहाला संरक्षण नाकारले.

सारांश, ह्यूम यांनी संसदेला खर्चाचा जाब विचारण्याची शिस्त लावली, हे त्यांचे चिरस्थायी योगदान होय. मात्र शासनाने हात आखडता घेतल्यावर त्याची किंमत समाजातील कोणता वर्ग चुकवितो, हा प्रश्न त्यांच्या जमाखर्चात कधी नोंदलाच गेला नाही. शिक्षण व आरोग्यावरील सार्वजनिक खर्चाची चर्चा होते तेव्हा ह्यूम यांची शिस्त जितकी उपयुक्त, तितकीच ही उणीवही बोधप्रद ठरते.