'गुलामगिरी'तल्या एका शब्दाशी भांडण

जोतीरावांच्या 'गुलामगिरी'वर आपल्यात भाषणं लई होतात, वाचन कमी. पुस्तक १८७३ चं. अर्पण केलंय अमेरिकेतल्या लोकांना, त्यांनी काळ्यांची गुलामी मोडली म्हणून. पहिल्याच भागात धोंडिबा म्हणतो, इंग्रज-फ्रेंच अशा दयाळू सरकारांनी गुलामी बंद केली, म्हंजे ब्रह्म्याचा नियमच मोडला. डाव भारी आहे. परक्यांचा कायदा मनूच्या तोंडावर मारायचा. वर जोतीराव विचारतात, मग हे इंग्रज ब्रह्म्याच्या कुठल्या अवयवातनं निघाले?

हत्यार म्हणून ते वाक्य तेव्हा बरोबरच होतं. पण 'दयाळू' हा शब्द आज मला टोचतो. मी सूतगिरणीत काम करतो. बोनस वाढला की फळ्यावर 'व्यवस्थापनाने देण्याचे ठरविले आहे' एवढंच लागतं. गेटवर उपाशी बसलेले त्यात नसतात.

फ्रेंचांची दयाही अशीच. त्यांची कॅरिबियन बेटं म्हंजे ऊस. सोलापूरच्या माणसाला ऊस आणि कोयता सांगायला नको. पण तिथला तोडणारा उचल घेऊन आलेला नव्हता, आफ्रिकेतनं साखळीत आणून विकलेला होता. १६८५ च्या राजाच्या कायद्यात तो जंगम मालमत्ता. हैतीतले गुलाम १७९१ ला उठले, १८०४ ला स्वतंत्र झाले. १८२५ ला फ्रान्सनं लढाऊ जहाजं पाठवून त्यांच्याकडंच पंधरा कोटी फ्रँक मागितले, मालकांची भरपाई म्हणून! (पुढं नऊ कोटींवर आणले. उपकारच.) ग्वादेलूपमध्ये १७९४ ला मोडलेली गुलामी नेपोलियननं १८०२ ला परत लादली. तेव्हा देल्ग्रेस आणि त्याच्या साथीदारांनी शरण जाण्यापेक्षा बारुदानं स्वतःला उडवून घेतलं.

मार्तिनिकची गोष्ट तर आपण पाठच करावी. पॅरिसात मुक्तीचा हुकूम निघाला २७ एप्रिल १८४८ ला. तो बेटावर पोचायच्या आत, २२ मेला गुलाम उठले. दुसऱ्याच दिवशी गव्हर्नरला मुक्ती जाहीर करावी लागली. १८४९ ला भरपाई मिळाली ती मालकांना, गुलामाला छदाम नाही.

म्हणून मार्तिनिकची माणसं आठवणीचा दिवस २२ मेला पाळतात. २०२० च्या २२ मेला तिथल्या पोरांनी शेल्शेरचे पुतळे पाडले. हुकूमामागं हाच माणूस होता आणि तो इमानदार होता, पाडणं मला पुरतं पटत नाही. पण राग कळतो. मुक्तीच्या चित्रात आपले पणजे नुसते हात जोडून उभे, हे कोण किती दिवस बघणार?

आता आपली कविता घ्या. जयंतीची कुठलीही स्मरणिका उघडा. बाबासाहेब देतात, आम्ही घेतो, या चालीच्या कवितांचा ढीग. बाबासाहेबांना दयाळू सरकार करून टाकलंय आपण! २० मार्च १९२७ ला चवदार तळ्यावर त्यांच्यासोबत हजारो माणसं चालत गेली, पाणी प्याली. नंतर गावाकडं निघालेल्यांना महाडच्या गल्ल्यांत गाठून मारलं. डोक्याला फडकं बांधून तो माणूस घरी पोचला, तेव्हा बायकोला काय म्हणाला असेल? ही कविता अजून माझ्या वाचनात आली नाही. कुणी लिहिली असेल तर अंकाच्या पत्त्यावर धाडा.