चेहऱ्याची साक्ष

चेहरा हा मनाचा आरसा, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. खरे बोलणारा नजरेला नजर देतो, खोटे बोलणाऱ्याची जीभ चाचरते, हाही आपला पक्का समज. विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे 1967 सालचे नाटक पुन्हा वाचताना या समजाची मला भीतीच वाटू लागली.

नाटकाची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असेल. खेड्यात प्रयोगासाठी आलेली हौशी मंडळी वेळ घालवायला लुटुपुटूचा खटला उभारतात आणि शिक्षिका असलेल्या बेणारेबाईंवर भ्रूणहत्येचा आरोप ठेवतात. आरंभी बाई हसतात, थट्टा करतात. पुढे गप्प होतात. हसल्या तेव्हा त्या उथळ ठरतात, गप्प झाल्या तेव्हा अपराधी! चोराच्या मनात चांदणे, हे एकदा ठरवून टाकले की आरोपीने काय केले म्हणजे तो साव ठरेल?

याउलट गावातला सामंत पाहा. साधा, भाबडा, कोणीही विश्वास ठेवावा असा. पण त्याची साक्ष हातातल्या कादंबरीच्या आधाराने रचलेली असते. आणि तीच बाईंच्या आयुष्यातल्या खऱ्या दुःखाला जाऊन भिडते. चेहरा प्रामाणिक, साक्ष कल्पित, आणि त्या कल्पितात दडलेले सत्य! नुसत्या चेहऱ्यावरून निवाडा करणाऱ्याने येथे काय करावे?

आमच्या बत्तीस शिराळ्यात पूर्वी नागपंचमीला जिवंत नागांची पूजा होई. नागाने फणा उभारला की कोणाला तो रागावलेला वाटे, कोणाला प्रसन्न. वास्तविक फणा ही धोका जाणवलेल्या नागाची स्वसंरक्षणाची खूण. पिंजऱ्यातल्या माणसाचेही असेच आहे. भीतीने घसा कोरडा पडतो, तसाच अपराधानेही पडतो.

कायद्यालाही या खुणा टाकवत नाहीत. साक्षीदाराच्या वागण्याबद्दल महत्त्वाचा वाटणारा शेरा न्यायाधीशाने नोंदवावा, असे 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे 280 वे कलम सांगत होते. 2024 मध्ये अमलात आलेल्या नव्या संहितेतही ही तरतूद राहिली आहे. आणि माणसाची पारख किती? चार्ल्स बाँड आणि बेला डिपॉलो यांनी अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करून 2006 मध्ये दाखवले की, खरे-खोटे ओळखण्यात माणसे सरासरी 54 टक्के वेळा बरोबर ठरतात. छापा-काटा करूनही 50 टक्के यश मिळतेच!

नाटकात एक उणीव जाणवते. बाईंवर तुटून पडणारी माणसे इतकी क्षुद्र रंगवली आहेत की प्रेक्षक सहज बाईंच्या बाजूचा होतो आणि स्वतःला निर्दोष सोडून देतो. पण शेवटचे स्वगत ही उणीव भरून काढते. सुलभा देशपांडे यांनी गाजवलेल्या या भूमिकेत बाई अखेर मन मोकळे करतात, तेव्हा रंगमंचावरचे कोर्ट थिजलेले असते. एकालाही शब्द ऐकू जात नाही. इतका वेळ बाईंचा चेहरा वाचणाऱ्यांना त्यांचे बोलणे ऐकायचेच नव्हते.

असे कोर्ट घराघरांत भरते. उशिरा परतलेल्या मुलीची खाली गेलेली मान, सुनेचे मौन, नोकराचा कापरा आवाज यांवर आपण किती चटकन निकाल देतो! यंदा फराळाला सारे एकत्र जमतील, तेव्हा एखादा चेहरा उतरलेला दिसला, तर त्याचा अर्थ लावण्याआधी शेजारी बसून विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत थांबावे.