'रान्मा १/२' आणि यिन-यांग : द्वंद्व की परिवर्तन?

यिन-यांग या चिनी संकल्पनेसाठी मराठीत 'द्वंद्व' हा प्रतिशब्द सहज सुचतो. पण तो दिशाभूल करणारा आहे. द्वंद्वात दोन पक्ष असतात आणि एकाचा जय म्हणजे दुसऱ्याचा पराजय असतो. यिन आणि यांग यांचे मूळ अर्थ मात्र डोंगराची सावलीतली बाजू आणि उन्हातली बाजू असे आहेत. डोंगर एकच, दिवस कलतो तशी ऊन-सावली जागा बदलते. म्हणजे येथे विरोधापेक्षा परिवर्तन प्रधान आहे. रुमिको ताकाहाशी यांच्या 'रान्मा १/२' (१९८७–१९९६) या मांगाची संरचना या अर्थभेदाच्या आधारे अधिक नेमकेपणाने उलगडते.

चीनमधील एका शापित कुंडात पडल्यामुळे रान्मा हा युद्धकलानिपुण तरुण थंड पाण्याने मुलगी होतो आणि गरम पाण्याने पुन्हा मुलगा. शीतत्व व स्त्रीत्व यिनशी, उष्णत्व व पुरुषत्व यांगशी जोडण्याची परंपरा आहे. ताकाहाशी ती शब्दशः स्वीकारतात आणि तिच्यातूनच प्रहसन घडवतात.

परंतु या समीकरणाची खरी कसोटी लागते ती 'हिर्यू शोतेन हा' या युद्धतंत्रात. वृद्ध हाप्पोसाईने मर्मस्थानी डाग देऊन बळ हिरावून घेतल्यावर दुर्बल रान्मा हे तंत्र शिकतो. प्रतिस्पर्ध्याचा क्रोध चेतवायचा, त्याला सर्पिल वाटेने केंद्राकडे खेचायचे, स्वतः मात्र थंड राहायचे. केंद्र गाठताच थंड मूठ वर उगारली की उष्ण-शीताच्या संयोगातून वावटळ उठते. प्रतिस्पर्धी जितका तप्त, तितकी वावटळ प्रबळ. ज्या शीतस्पर्शाने आपले पौरुष जाते म्हणून रान्मा त्रस्त असतो, तेच शीतत्व येथे त्याचे सामर्थ्य ठरते. द्वंद्वाच्या परिभाषेत या विजयाचे स्पष्टीकरण देता येत नाही.

अर्थात, शीत म्हणजे स्त्री हे गृहीतक ही कथा मुळातून तपासत नाही, ही तिची मर्यादा होय. तसेच ३८ खंडांच्या अखेरीसही रान्मा शापमुक्त होत नाही, यामागे क्रमशः प्रकाशित होणाऱ्या विनोदी मालिकेची गरजही असू शकेल. तरीही हा शेवट अपूर्ण म्हणता येत नाही. एका बाजूचा कायमचा विजय दाखवला असता, तर ज्या तत्त्वावर कथा उभी आहे तेच कोसळले असते. मांगातील तत्त्वविचार पात्रांच्या संवादांत शोधणाऱ्या समीक्षेने म्हणूनच आपली दृष्टी देहाच्या हालचालींकडेही वळवली पाहिजे.